आरोग्य शिबिराचे फोटो आणि फोटोग्राफरची निवड
(ऊस विकास अधिकारी, शेती विभाग)



ऊस विकासाच्या माणसाने बेणे, खोडवा, पाचट सोडून फोटोग्राफरवर का लिहावे, असे काहींना वाटेल. कारण सोपे आहे. गळीत हंगामात तोडणी मजुरांची आरोग्य तपासणी, नेत्र शिबिर, फिरता दवाखाना, मुलांचे लसीकरण असे जे उपक्रम कारखान्यांतून होतात, त्यांची जुळवाजुळव बहुतेक ठिकाणी शेती खात्याच्या गळ्यात येते. कुठल्या गटात किती कोयते उतरले, कुठल्या तळावर किती कोप्या पडल्या, ही माहिती आमच्याकडेच असते. उपक्रम आला की अहवाल आला आणि अहवाल आला की फोटो आले. शिवाय आपल्यातील कितीतरी सभासद गावच्या ट्रस्टवर, दूध संस्थेवर, पतसंस्थेवर, ग्रामपंचायतीत काम करतात. रक्तदान, मोतीबिंदू, मधुमेह तपासणी असे काही ना काही वर्षभर चालूच असते. तेव्हा फोटोग्राफर ठरवताना काय पाहावे, त्याला काय सांगावे आणि काय करू देऊ नये, याचा थोडा अभ्यास सर्वांनाच उपयोगी पडेल.

सध्याचा रिवाज असा, की तालुक्याच्या गावचा लग्नाचा फोटोग्राफर बोलवायचा. तो यायचा, व्यासपीठाचे पन्नास फोटो काढायचा, रांगेचे दोन काढायचा आणि जेवून जायचा. आता तर तेही नाही, ज्याच्या हातात मोबाइल तो फोटोग्राफर. लग्नाचा फोटोग्राफर वाईट असतो असे मुळीच नाही. गर्दीत काम करणे, कमी उजेडात हात स्थिर ठेवणे, नेमका क्षण पकडणे यात त्याची बरोबरी दुसरा कोणी करू शकत नाही. पण त्याची सवय माणसाला सजवून, हसवून, “इकडं बघा” म्हणून उभे करण्याची असते. आजारी माणूस हा नवरदेव नव्हे. दवाखान्यातल्या कामाला वेगळी नजर लागते आणि वेगळी शिस्तही लागते.

काम कोणते, ते आधी ठरवा

जमीन कोणती आणि हंगाम कोणता हे न विचारता “बेणं द्या” म्हणणारा सभासद आम्हाला भेटतो. “फोटो काढून द्या” हे म्हणणे तसेच आहे. आरोग्याच्या कामात फोटोचे निदान तीन प्रकार आहेत.

पहिला कार्यक्रमाचा. उद्‌घाटन, पाहुणे, डॉक्टरांचा सत्कार, रांग. याला कोणीही चालेल. व्यासपीठाचे फोटो दहा मिनिटांत उरकावेत हे माझे स्पष्ट मत आहे. काळा चष्मा वाटताना एका चष्म्याला सात जणांचे हात लागलेले फोटो आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यात म्हातारी कुठे आहे ते शोधावे लागते.

दुसरा प्रकार कामाची हकीगत सांगणारा. फिरता दवाखाना पहाटे निघतो, तळावर पोचतो, नर्सबाई बाळाचे वजन घेतात, तोडणीवरून आलेला गडी हातावरचा कोयत्याचा घाव दाखवतो. हे काम बातमीदारीचा अनुभव असलेल्या माणसाचे. त्याला एक तास देऊन भागत नाही, दिवस द्यावा लागतो.

तिसरा प्रकार वैद्यकीय नोंदीचा. जखम, त्वचेचा चट्टा, सूज, वाकडे पाऊल, यांचे उपचाराआधीचे आणि नंतरचे फोटो. हा फोटो डॉक्टरांच्या कामासाठी असतो, तो केसपेपरचा भाग आहे. तो पत्रिकेसाठी नाही आणि फ्लेक्ससाठी तर नाहीच नाही. मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांत या कामाला स्वतंत्र फोटोग्राफर असतो. लहान शिबिरात डॉक्टर किंवा त्यांनी नेमलेली व्यक्तीच हे फोटो काढते आणि तेच बरे.

हे तिन्ही प्रकार एकाच माणसाच्या एकाच कार्डात मिसळले की घोटाळा होतो. कुणाच्या पाठीवरचा चट्टा आणि अध्यक्षांचा सत्कार एकाच पाकिटातून छापखान्यात जातो. म्हणून काम देतानाच कोणत्या प्रकारचे किती फोटो पाहिजेत, ते कागदावर लिहून द्यावे.

नोंदीचा फोटो कसा असावा

प्रात्यक्षिक प्लॉटचे फोटो काढणाऱ्यांना हा भाग लगेच समजेल. लागणीनंतर तीन महिन्यांनी फोटो उभ्याने काढला आणि सहा महिन्यांनी सरीत बसून वर रोखून काढला, तर ऊस दुप्पट उंच दिसणारच. त्याला वाढ म्हणत नाहीत. म्हणून आम्ही प्लॉटमध्ये मोजपट्टी उभी करतो, जागेवर खुंटी ठोकतो आणि दर वेळी तिथूनच फोटो घेतो. जखमेचे तसेच आहे. अंतर तेच, उजेड तोच, मागे साधे एकरंगी कापड आणि जखमेशेजारी सेंटिमीटरची कागदी पट्टी. आधी लांबून एक, म्हणजे पाय कोणता, जागा कोणती ते कळते. मग जवळून एक. पट्टीवर रुग्णाचा क्रमांक असावा, नाव नसावे. मोबाइल अगदी चेहऱ्याजवळ नेला की नाक मोठे आणि कान लहान दिसतात, हे सर्वांनी अनुभवले असेल. सूज दाखवायच्या फोटोत असली फसगत चालत नाही. थोडे मागे सरून, भिंग जवळ ओढून फोटो घ्यावा.

रंगाची गोष्ट जास्त महत्त्वाची. आपली शिबिरे होतात मंडपात, आणि मंडप असतो लाल, पिवळा, निळा. त्या कापडातून गाळून आलेल्या उजेडात पिवळ्या मंडपाखालचा धडधाकट माणूस कावीळ झाल्यासारखा दिसतो. लाल मंडपाखाली रक्त कमी असलेली बाई गुलाबी दिसते. पापणीच्या आतला फिकटपणा, नखांचा रंग, त्वचेचा लालसरपणा यावर डॉक्टर बोलतात आणि तोच रंग फोटोत खोटा पडतो. नोंदीचे फोटो पांढऱ्या कापडाखाली किंवा मोकळ्या सावलीत काढावेत. शाळेचा व्हरांडा उत्तम.

दुसरी फसगत मोबाइलची. हल्लीचे बरेच मोबाइल न सांगता चेहरा गुळगुळीत करतात. लग्नात ते बरे वाटते. चट्ट्याच्या फोटोत मात्र चट्टाच पुसला जातो. फोटोग्राफरने नंतर संगणकावर “थोडं साफ केलं” तरी तेच होते. कामाच्या कागदात स्पष्ट लिहावे, की उजेड-अंधार सुधारण्यापलीकडे वैद्यकीय फोटोत कोणताही बदल करायचा नाही आणि मूळ फोटो जसाच्या तसा द्यायचा. माती परीक्षणाच्या नमुन्यात कोणी चांगली माती वरून टाकली तर अहवाल छान येतो, पण खत चुकते.

मोतीबिंदूच्या शिबिरात “आधी आणि नंतर” असे जोडफोटो मागण्याची पद्धत पडली आहे. पूर्ण पिकलेला मोतीबिंदू बाहुलीत पांढरा दिसतो, शस्त्रक्रियेनंतर बाहुली काळी दिसते, म्हणून फोटो परिणामकारक वाटतो. पण त्या माणसाला दिसायला किती लागले हे फोटो सांगत नाही, ते अक्षरांच्या तक्त्यावर वाचून घेतलेली नोंद सांगते. अहवालात त्या नोंदीचा तक्ता आधी द्यावा. आणि डोळे तपासण्यासाठी थेंब टाकले की बाहुली मोठी होते, उजेड सहन होत नाही. अशा वेळी म्हातारीच्या तोंडावर फ्लॅश मारणे हा निव्वळ दुष्टपणा आहे. नेत्र शिबिरात फ्लॅश बंद, ही अट पहिलीच ठेवावी.

शस्त्रक्रियागृहाचा विषय थोडक्यात. तिथे फोटोग्राफरने कपडे बदलून, टोपी-मास्क लावून जायचे, बॅग बाहेर ठेवायची, कॅमेरा पुसून घ्यायचा, पट्टा लोंबकळू द्यायचा नाही. हिरवे-निळे निर्जंतुक कापड जिथे अंथरले आहे त्याला हात, कोपर, कॅमेरा काहीही लागता कामा नये. सिस्टर सांगतील तिथे उभे राहायचे आणि त्या “बाहेर” म्हणाल्या की बाहेर. एमआरआयच्या खोलीत कॅमेरा, तिपाई, किल्ल्या काहीच नेऊ नये. तिथले चुंबक रुग्ण नसतानाही चालूच असते आणि लोखंडी वस्तू गोळीसारखी ओढून घेते. लोणी, कराड अशा ठिकाणी सहकाराच्या चळवळीतून मोठी रुग्णालये उभी राहिली आहेत. तिथल्या कामासाठी बाहेरून फोटोग्राफर नेणाऱ्यांनी हे आधी त्याच्या कानावर घालावे.

परवानगी

आता मुख्य मुद्दा.

तळावर फोटोग्राफर आला. सोबत कारखान्याचा अधिकारी, बाजूला मुकादम. समोर मजूर, ज्याने हंगामाआधी उचल घेतली आहे, जो ती फेडेपर्यंत बांधलेला आहे आणि ज्याचे पोर तापाने फणफणले आहे. त्याला विचारले, “फोटो काढू का?” मुकादम मागून म्हणतो, “काढा की, काय होतंय त्याला!” ही परवानगी झाली का? माझ्या मते हा प्रश्नच झाला नाही. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याचे ‘हो’ कागदावर घेऊन काय उपयोग? हा मजूर कारखान्याचा सभासद नाही, सर्वसाधारण सभेत उठून बोलू शकत नाही, हा अंक त्याच्या हातात पडेलच असे नाही. म्हणून आपल्यावर जबाबदारी जास्त येते.

योग्य रीत अशी. विचारायचे काम फोटोग्राफरकडे नको, शेती खात्याकडे नको आणि मुकादमाकडे तर नकोच. ते नर्सबाईंनी किंवा आशाताईंनी करावे, रांगेपासून बाजूला, मुकादम ऐकू येण्याच्या अंतरावर नसताना. वाक्य साधे असावे. “मावशी, तुमची तपासणी होणारच आहे, औषधही मिळणारच आहे. फोटो नाही काढला तरी तेच औषध मिळणार. हे फोटो कारखान्याच्या अहवालात लागतील, कदाचित पत्रिकेत छापतील. चालेल का?” आणि मग गप्प बसावे. उत्तर यायला वेळ लागतो.

परवानगी एकच नसते, हेही ध्यानात घ्या. केसपेपरसाठी फोटोला ‘हो’ म्हणणारी बाई पत्रिकेसाठी ‘नाही’ म्हणू शकते. अहवाल, पत्रिका, वर्तमानपत्र, मोबाइलवरचा प्रसार, या प्रत्येकासाठी वेगळी खूण हवी. बाईची परवानगी बाईनेच द्यायची, नवऱ्याचे ‘हो’ तिच्या नावावर चालत नाही. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक, हा तोडणीचा हिशेब झाला, देहाचा नव्हे. मुलांच्या बाबतीत आई-वडील. ज्यांना वाचता येत नाही त्यांना कागद वाचून दाखवावा आणि अंगठ्याला साक्षीदार कारखान्याचा किंवा मुकादमाचा माणूस नसावा. तांड्यावरची माणसे घरात गोरमाटी बोलतात, सातपुड्याकडून येणारे पावरी-भिली बोलतात, काही टोळ्या हिंदी. ज्या भाषेत माणूस घरी भांडतो त्या भाषेत विचारले तर उत्तर खरे मिळते.

हे सारे नीट झाले की नाही ते तपासायला माझी एक सोपी कसोटी आहे. दिवसअखेर याद्या पाहाव्यात. दोनशे माणसांना विचारले आणि दोनशेही ‘हो’ म्हणाले, तर विचारण्यात काहीतरी खोट आहे असे समजावे. पाच-दहा जण ‘नाही’ म्हणालेले असले, तर काम ठीक चालले आहे.

डोळ्यांवरची काळी पट्टी

चेहऱ्यावर डोळ्यांपुरती काळी पट्टी ओढली की ओळख लपली, असा समज आहे. गावात तो टिकत नाही. हातावरचे गोंदण, लुगड्याचा रंग, नाकातली नथ, मागची गाडी, शेजारी उभा मुकादम, वर कारखान्याचे नाव आणि तारीख लिहिलेला फलक. एवढ्यावरून तिच्या वाडीतले पोरसुद्धा सांगेल ही कोण ते. क्षयरोग, कुष्ठरोग, एचआयव्ही, बाईच्या पोटाचे आजार, यांत ओळख पटणे म्हणजे सोयरीक मोडणे, पाण्यावरून वेगळे काढणे, टोळीत काम न मिळणे. आजारावर औषध मिळते, नाव गेलेले परत येत नाही.

२०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. शासनाने समिती नेमली. ८२,३०९ महिलांची पाहणी झाली आणि त्यांत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. हा आकडा वाचल्यावर आपल्या धंद्यातल्या कोणाची मान ताठ राहील असे वाटत नाही. पण असल्या विषयावर काम करताना फोटोग्राफरला काय सांगाल? हातात धरलेली दवाखान्याची फाइल, पाठमोरी बसलेली बाई, कोयता आणि मोळी, पहाटेच्या अंधारात भरली जाणारी गाडी, एवढे पुरते. चेहरा लागत नाही. चेहरा द्यायचाच असेल तर तो तिने आपणहून, सगळे समजून दिला पाहिजे.

या बाबतीत परदेशातल्या एका फोटोग्राफरचे काम सांगण्यासारखे आहे. यूजीन स्मिथ हा अमेरिकन. १९४८ साली ‘लाइफ’ या साप्ताहिकाने त्याला कोलोरॅडो राज्यातील डोंगराळ भागात, क्रेमलिंग या छोट्या गावी पाठवले. तिथे अर्नेस्ट सेरियानी नावाचे एकच डॉक्टर सुमारे दोन हजार वस्तीला सांभाळत होते. स्मिथ २३ दिवस त्यांच्याबरोबर फिरला. सुरुवातीला डॉक्टरांना कॅमेऱ्याची सवय व्हावी म्हणून तो फिल्म न घालताच फोटो काढत असे, असे सांगतात. त्यातला एक फोटो फार गाजला. रात्री उशिरा, बाळंतपणात आई आणि मूल दोन्ही दगावल्यावर डॉक्टर स्वयंपाकघरात कॉफीचा कप हातात घेऊन टेकून उभे आहेत. त्या फोटोत रुग्ण नाही, जखम नाही, रक्त नाही. तरी त्या रात्री काय झाले ते सगळे दिसते. आपल्या फोटोग्राफरला एखादा नमुना दाखवायचा झाला तर मी हा दाखवीन.

त्याच स्मिथने पुढे १९७१ पासून जपानमधील मिनामाता या गावी पत्नी आयलीन हिच्याबरोबर राहून काम केले. तिथल्या चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून समुद्रात सोडलेल्या पाण्यात पाऱ्याचे विष होते. ते माशांत गेले, माशांतून माणसांत, आईच्या पोटातल्या बाळात. आजाराची अधिकृत नोंद १९५६ साली झाली होती. पण जगाला तो कळला यात या फोटोंचा वाटा मोठा आहे. कारखान्याचे पाणी आणि नदी हा विषय आपल्यालाही परका नाही, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. १९७२ च्या जानेवारीत कंपनीच्या माणसांनी स्मिथला जबर मारहाण केली. त्याचा सर्वांत प्रसिद्ध फोटो डिसेंबर १९७१ मधला, जन्मतः विषबाधा झालेल्या मुलीला आई न्हाऊ घालते आहे, हा. आई-वडिलांची संमती होती, आपल्या मुलीमुळे इतरांचे डोळे उघडावेत अशीच त्यांची इच्छा होती. मुलगी १९७७ साली, एकविसाव्या वर्षी वारली. फोटो मात्र जगभर छापला जातच राहिला. अखेर आई-वडिलांना वाटले, आता तिला विश्रांती द्यावी. आयलीन स्मिथ यांनी १९९८ साली त्या फोटोबाबतचा निर्णय आई-वडिलांच्या हाती सोपवला आणि तो नव्याने छापायला देणे थांबवले. इतका मोठा, इतके काम केलेला फोटो. तरी घरच्यांनी पुरे म्हटल्यावर थांबले. आपल्या शिबिरातल्या फोटोबद्दल कोणी दोन वर्षांनी येऊन “साहेब, आमच्या आईचा फोटो आता काढून टाका” म्हणाला, तर आपण काय म्हणू? फ्लेक्स छापून झालाय म्हणू?

या हकिगतीत आणखी एक मेख आहे. मिनामातात फोटोग्राफर कारखान्याने नेमलेला नव्हता. ज्याच्या हातून पैसे घ्यायचे त्याच्या उणिवा दाखवायला कोणाचाही हात धजत नाही. म्हणून फोटोग्राफर आपण नेमत असू तर आपणच त्याला सांगायचे, की तळावरचे पिण्याचे पाणी, संडासाची सोय, कोपीतला चुलीचा धूर, गाडीखाली झोपलेली लेकरे, हेही काढ. पत्रिकेत छापा वा छापू नका, संचालक मंडळापुढे ते गेले पाहिजेत. तसे सांगायची तयारी नसेल तर फोटोग्राफरवर खर्च करू नये, त्या पैशात ओआरएसची पाकिटे येतील.

कायदा काय म्हणतो

डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारनियमांत स्पष्ट आहे, की रुग्णाची ओळख पटेल असा फोटो त्याच्या परवानगीवाचून प्रसिद्ध करता येत नाही. त्याच नियमांनुसार डॉक्टरांना स्वतःची जाहिरात करण्यास मनाई आहे. म्हणून शिबिराच्या फोटोंतून एखाद्या डॉक्टरांची जाहिरात होत नाही ना, तेही पाहावे. अडचणीत ते येतात. एचआयव्हीबाबत २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यात कोणाची लागण उघड करणे हा गंभीर मामला आहे. व्यक्तीच्या डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. दिलेली संमती परत घेण्याचा हक्क त्यात आहे, आणि संमती देणे जितके सोपे तितकेच ती परत घेणे सोपे असावे असे त्यात म्हटले आहे. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते.

फोटोच्या मालकीचा प्रश्न वेगळा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि उलट काही ठरले नसेल, तर हक्क पैसे देणाऱ्याचा. फोटोग्राफरचे नाव देणे मात्र सोडू नये, तो त्याचा मान आहे आणि हक्कही आहे. पण ही मालकी आणि रुग्णाची परवानगी या दोन गोष्टी आहेत. सातबारा आपल्या नावावर असला म्हणून रानात उभा असलेला माणूस आपला होत नाही.

फोटोग्राफर निवडताना

अल्बम पाहून निवडू नका. अल्बममध्ये दहा वर्षांतले निवडक वीस फोटो असतात. त्याला एखाद्या पूर्ण कामाचे, एका दिवसाचे सगळे फोटो दाखवायला सांगा. बियाणे प्लॉट पाहताना आपण बांधावरचा ऊस पाहून निर्णय घेत नाही, आत शिरतो. दवाखान्यात, अनाथाश्रमात, शाळेत काम केले आहे का ते विचारा आणि तिथल्या माणसाला फोन करा. त्याला एकच प्रश्न विचारा, “एखादा फोटो याने काढायचा टाळला, असे कधी झाले का?” चांगल्या फोटोग्राफरकडे अशी एक तरी गोष्ट असते. बायकांच्या तपासणीसाठी बाई फोटोग्राफर मिळाली तर फार बरे. जिल्ह्याच्या ठिकाणी आता अशा मुली या व्यवसायात आहेत.

दर ठरवताना अर्धा दिवस की पूर्ण, प्रवास कोणाचा, निवडून तयार केलेले फोटो किती, किती दिवसांत, हे लिहून घ्या. “फोटो फुकट काढतो” म्हणणारा नीट तपासून घ्या. त्याला फोटो स्वतःच्या पानावर टाकायचे असतात, आणि तेच आपल्याला नको असते. कागदात लिहा, की रुग्णांचा एकही फोटो तो स्वतःच्या जाहिरातीत वापरणार नाही, कोणाला देणार नाही आणि काम पोचते केल्यावर आपल्याकडील प्रती ठरलेल्या मुदतीत पुसून टाकील. मोबाइलच्या फोटोत जागा आणि वेळ यांची नोंद आत दडलेली असते, ती बाहेर द्यायच्या प्रतीतून काढून टाकायची.

शिबिराच्या व्हॉट्सअॅप गटावर रुग्णांचे फोटो टाकू नयेत. एका शिबिरात अंगावर कापड नसलेल्या लेकराच्या तपासणीचा फोटो स्वयंसेवकाने गटात टाकला आणि संध्याकाळी तो तिसऱ्याच तालुक्यात फिरत होता. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. मूळ फोटो एकाच संगणकावर, कुलुपात, एका जबाबदार माणसाच्या ताब्यात असावेत आणि परवानगीचे कागद त्याच क्रमांकाने शेजारी.

एक खर्च मात्र आवर्जून धरावा. ज्यांचे फोटो काढले त्यांना कागदावर छापलेली एकेक प्रत द्यावी. तीही हंगाम संपायच्या आत, कारण पट्टा पडला की टोळ्या एका रात्रीत गावाकडे निघतात आणि मग ती माणसे सापडत नाहीत. कोपीत घरच्या माणसांचा एकत्र फोटो सहसा नसतो. फोटोग्राफरला सांगून ठेवावे, की तपासणी झाल्यावर ज्यांची इच्छा असेल त्यांचा घरच्यांसह, हवे तसे नटून, हवे तसे हसून एक फोटो काढ. इथे त्याची लग्नाची विद्या कामाला येते.

परवानगीच्या कागदाचा मराठी नमुना आणि फोटोग्राफरशी करावयाच्या कराराचा मसुदा शेती विभागाच्या सर्व गट कार्यालयांत ठेवला आहे. गोरमाटी आणि हिंदीत वाचून दाखवायचा मजकूरही सोबत जोडला आहे. ज्या संस्थांना या हंगामात शिबिर घ्यायचे आहे त्यांनी आधी किमान पंधरा दिवस गट अधिकाऱ्यांना कळवावे, म्हणजे कोणत्या तळावर कोणती भाषा बोलणारी टोळी उतरली आहे, ते पाहून आशाताईंची व्यवस्था करता येईल.